सोडा वॉटर, सेल्टझर, स्पार्कलिंग मिनरल, टॉनिक: फरक ओळखायचा कसा

बुडबुडेवालं पाणी म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच शब्द येतो, सोडा. मग कुणी टॉनिक वॉटर म्हणजे साधं पाणीच असं समजून रोज दोन-दोन ग्लास पितं आणि पोटात चाललेल्या साखरेचा पत्ताच नसतो, कुणी बीपीचा त्रास असताना हेल्दी म्हणून नेमकं भरपूर सोडियमवालं मिनरल वॉटर उचलतं, आणि कुणी निव्वळ गॅस भरलेल्या पाण्याला घाबरून राहतं ज्यात घाबरण्यासारखं खरंच काही नसतं. म्हणून हे जरा नीट सांगावंसं वाटलं. मुद्दा एकच आहे, तो धरून ठेवा: गॅस सगळ्यांत सारखाच असतो, त्या गॅसशिवाय पाण्यात आणखी काय विरघळलंय तेवढं बघायचं. ते बाटलीच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पुढच्या चित्रावरून काही कळत नाही.

आधी गॅसचं थोडं

हा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. प्रेशरखाली तो पाण्यात विरघळवतात आणि त्यातला थोडासा भाग पाण्याशी मिळून कार्बोनिक ॲसिड तयार होतं, जिभेवर जो आंबटसर चटका बसतो तो त्याचाच. खूप जणांना वाटतं की बुडबुडे फुटतात म्हणून जीभ चुरचुरते, पण तसं नाहीये. जास्त हवेच्या दाबाच्या खोलीत, म्हणजे जिथे बुडबुडे तयारच होऊ शकत नाहीत अशा ठिकाणी लोकांना हे पाणी चाखायला देऊन बघितलंय आणि चुरचुर तेवढीच जाणवली. आपल्या जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, कार्बोनिक ॲनहायड्रेज, ते गॅसचं ॲसिडमध्ये रूपांतर करतं आणि तिथून मेंदूला निरोप जातो. उंच डोंगरावर जाणारे लोक ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी घेतात, ती गोळी हेच एन्झाइम अडवते, त्यामुळे ती चालू असताना फसफसणारं पेय एकदम मिळमिळीत लागतं. बुडबुडे समोर दिसत असतात तरी!

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि ही पुढे सारखी उपयोगी पडणार आहे. गॅस थंड पाण्यात जास्त विरघळतो आणि कोमट पाण्यातून पळून जातो. साध्या वातावरणाच्या दाबाइतकाच या गॅसचा दाब धरला तर ० डिग्रीला एक लिटर पाण्यात साधारण ३.३ ग्रॅम मावतो आणि २० डिग्रीला जेमतेम १.७ ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मा. आणि दाब जितका जास्त तितका गॅस जास्त, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. झाकण उघडल्यावर फस्स होतं ते त्यामुळेच, दाब गेला की गॅसला पाण्यात राहायला जागा उरत नाही.

हे पाणी माणसाने पहिल्यांदा बनवलं त्याची गोष्टही छान आहे. इंग्लंडमध्ये लीड्सला जोसेफ प्रीस्टली एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहायचे, तिथे आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर जो गॅस साठतो त्यात त्यांनी पाणी धरून बघितलं, १७६७ च्या सुमारास, आणि १७७२ मध्ये कृतीसकट छापून टाकलं. पुढे योहान याकोब श्वेप यांनी जिनिव्हात १७८३ मध्ये त्याचा धंदा सुरू केला आणि मग लंडनला गेले, श्वेप्स हे नाव त्यांच्यावरूनच आलं.

सेल्टझर: पाणी अधिक गॅस, संपलं

सगळ्यात साधा प्रकार हा. फिल्टर केलेलं पाणी, त्यात गॅस. लेबलवर घटकांत फार तर दोनच नावं दिसली पाहिजेत, कार्बोनेटेड पाणी किंवा पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. सोडियम शून्य किंवा नावापुरतं, साखर शून्य, कॅलरी शून्य. चव एकदम कोरी, थोडी टोकदार, कारण ॲसिडला शांत करणारं पाण्यात काहीच नसतं. नाव जर्मनीतल्या नीडरसेल्टर्स गावच्या झऱ्यावरून आलंय, गंमत म्हणजे तो झरा खनिजांनी भरलेला होता आणि आज सेल्टझर म्हणून मिळतं त्यात खनिजं नसतातच.

रोज साधं पाणी प्यायचा कंटाळा येतो आणि कोल्ड्रिंक सोडायचंय, अशा माणसाला मी डोळे झाकून हेच सांगेन. काही वाचायची भानगड नाही.

क्लब सोडा: यात कारखान्यात क्षार घातलेले असतात

क्लब सोडा आणि बऱ्याच देशांत सोडा वॉटर म्हणून विकलं जातं त्यात गॅसच्या जोडीला थोडे क्षार मुद्दाम घालतात. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडा, कधी सोडियम सायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, कधी साधं मीठ. यातलं एखादं नाव घटकांत दिसलं की समजायचं हा क्लब सोडा. पुढे नुसतं सोडा लिहिलेलं असलं तर मागे वाचल्याशिवाय ठरवू नका, काही कंपन्या या नावाने निव्वळ गॅसचं पाणीही विकतात.

क्षार घालायचं कारण चव. बायकार्बोनेटमुळे ॲसिडची धार जरा बोथट होते आणि पाणी तोंडात भरीव लागतं, अगदी किंचित खारट. क्लब सोडा हे नाव डब्लिनच्या कँट्रेल अँड कॉक्रेन कंपनीने १८७७ मध्ये ट्रेडमार्क केलं.

सोडियम किती? ३५५ मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५ मिलीग्रॅमच्या आसपास, ब्रँडप्रमाणे कमीजास्त. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्या म्हणते, त्या हिशोबाने एखाद्या कॅनने काही बिघडत नाही, पण ज्याला डॉक्टरांनी मीठ कडक बंद केलंय आणि जो दिवसभरात चार-पाच कॅन रिचवतो त्याने सेल्टझरवर यावं. चवीत फार फरक पडत नाही, सवय लगेच होते.

स्पार्कलिंग मिनरल वॉटर: इथे खरी मजा आहे

क्लब सोड्यात क्षार कारखान्यात घालतात, इथे ते जमिनीतून येतात. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं खडकांतून झिरपत जातं, जाता जाता कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, सल्फेट असं जे भेटेल ते सोबत घेतं, त्यामुळे प्रत्येक झऱ्याचं पाणी वेगळं. अमेरिकेत मिनरल वॉटर म्हणायचं तर पाण्यात नैसर्गिकरित्याच दर लिटरला किमान २५० मिलीग्रॅम खनिजं विरघळलेली पाहिजेत आणि वरून घालायची परवानगी नाही. युरोपात किमान आकड्यापेक्षा पाणी कुठून आलं, ते शुद्ध आणि कायम एकसारखं आहे का, यावर भर असतो, आणि खनिजं किती त्यावरून लेबलवर काय लिहिता येतं ते ठरतं: लिटरला १५०० मिलीग्रॅमच्या वर असली तर खनिजांनी समृद्ध, ५०० पर्यंत असली तर कमी खनिजांचं.

म्हणून मिनरल वॉटर घेताना मागचा तक्ता वाचायचाच, कारण दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्या आणि आत जमीन-अस्मानाचा फरक. जर्मनीतल्या आयफेल भागातलं गेरोलस्टाइनर बघा, ज्वालामुखीच्या प्रदेशातलं पाणी, लिटरला जवळपास २५०० मिलीग्रॅम खनिजं, त्यात कॅल्शियम ३५० च्या आसपास आणि मॅग्नेशियम १०० च्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे एका लिटरात त्यातलं एक तृतीयांश भागतं आणि पाण्यातलं हे कॅल्शियम अंगी लागतं, नुसतं कागदावरचं नाही. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी याकडे खरंच लक्ष द्यावं. आता स्पेनमधलं विची कतालान घ्या, तिथे सोडियमच लिटरला ११०० मिलीग्रॅमच्या घरात जातं, एक लिटर प्यायलं की दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याच्या वर गेलात. चव म्हणाल तर जेवणाबरोबर घोट घोट प्यायला सुरेख, पण बीपीवाल्याने रोज पिण्याची ही बाटली नाही. दोन्ही मिनरल वॉटरच!

गॅसबद्दल एक बारीक गोष्ट. स्पार्कलिंग लिहिलंय म्हणजे झऱ्यातून बुडबुड्यांसकटच पाणी आलं असेल असं नाही. युरोपच्या नियमात तीन वेगळे प्रकार आहेत: झऱ्यातून जितका गॅस येतो तितकाच बाटलीत असलेलं, त्याच झऱ्याचा गॅस वापरून तो वाढवलेलं, आणि बाहेरचा गॅस घातलेलं. इटलीच्या सान पेलेग्रिनोत गॅस नंतर घालतात. फ्रान्समधल्या पेरिएचं पाणी आणि गॅस जमिनीतून वेगवेगळे काढून मग एकत्र करायचे, हे लोकांना कळलं ते १९९० साली, त्या गॅसमध्ये नैसर्गिकपणे असलेलं बेंझीन गाळणारे फिल्टर वेळेवर बदलले गेले नव्हते आणि कंपनीला जगभरातून १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या तेव्हा. माझं मत विचाराल तर गॅस कुठला याने चवीला फारसं काही होत नाही, खनिजांनी होतं, पण पुढे नैसर्गिक असं लिहिलं म्हणून जास्त पैसे मोजणार असाल तर मागे काय लिहिलंय ते वाचून मोजा.

टॉनिक वॉटर: हे पाणी नाही, हे कोल्ड्रिंक आहे

दिसायला अगदी पाण्यासारखं नितळ, नावात वॉटर, वरून टॉनिक, त्यामुळे सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. यात गॅस, साखर किंवा स्वीटनर, बहुतेकदा सायट्रिक ॲसिड आणि क्विनाइन असतं. क्विनाइन म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतला कडू पदार्थ, १८२० मध्ये फ्रान्सच्या पेल्तिए आणि कावाँतू यांनी तो वेगळा काढला आणि मलेरियावर औषध म्हणून जगभर गेला. ते कडूजहर औषध घशाखाली उतरावं म्हणून साखर आणि सोडा, तिथून हे पेय आलं.

आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन चवीपुरतंच. अमेरिकेत मर्यादा लिटरला साधारण ८३ मिलीग्रॅम आहे, आणि मलेरियाच्या उपचाराला दिवसाला अठराशे मिलीग्रॅमच्या आसपास लागायचं, म्हणजे वीस लिटरच्या वर टॉनिक प्यावं लागेल. औषध म्हणून कुणी पीत असेल तर त्याला प्लीज सांगा. पण उलट बाजूही आहे, ज्यांना क्विनाइनची ॲलर्जी आहे त्यांना थोडंसंही चालत नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, काही ठराविक औषधं चालू असणं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॉनिक नको.

साखरेचं बोलायचं तर साध्या, म्हणजे डाएट नसलेल्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ८-९ ग्रॅमपर्यंत साखर असते, कोला १० च्या थोडा वर असतो, त्यामुळे फार लांब नाहीत दोघं. एका ग्लासात चार चमचे साखर झाली! कडूपणामुळे जिभेला ती जाणवत नाही एवढंच. काही देशांत साखर कमी करून स्वीटनर घालतात, तेव्हा पुन्हा तेच, मागे वाचा.

काळ्या प्रकाशाचा दिवा, म्हणजे नोटा तपासायला वापरतात तसला यूव्ही दिवा असेल तर अंधारात टॉनिकच्या ग्लासावर मारून बघा, निळं चमकतं. ते क्विनाइनमुळे. बाकीच्या तीन पाण्यांत असलं काही दिसणार नाही.

फ्लेवरवालं स्पार्कलिंग पाणी

यावर फार बोलण्यासारखं नाही. घटकांत पाणी, गॅस आणि फ्लेवर एवढंच असेल तर सेल्टझरच समजा. साखर, ज्यूस किंवा स्वीटनर दिसलं तर ते पेय झालं. सायट्रिक ॲसिड दिसलं तर दातांच्या दृष्टीने जरा लक्ष ठेवा, त्याचं खाली सांगतो.

चमच्याचा प्रयोग, हा नक्की करून बघा

चारही प्रकारांच्या छोट्या बाटल्या आणा, फ्रीजमध्ये सारख्या थंड करा, सारख्या ग्लासात ओता. आधी ताजं चाखा. मग अर्धा अर्धा ग्लास तसाच बाहेर ठेवून द्या, गॅस पूर्ण निघून जाऊ दे, आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. गॅस असताना त्याचा चटका बाकी सगळं झाकून टाकतो, तो गेला की पाणी जसं आहे तसं समोर येतं: सेल्टझर साध्या पाण्यासारखं, क्लब सोडा किंचित खारट, मिनरल वॉटर जड आणि खडूसारखं किंवा खारट, आणि टॉनिक कडवट साखरेचं पाणी.

मग छोट्या स्टीलच्या पातेल्यात प्रत्येकाचे तीन-चार चमचे मंद आचेवर पूर्ण आटवा, प्रत्येक वेळी पातेलं स्वच्छ धुवून पुसून. सेल्टझर आटलं की तळाशी जवळपास काहीच राहत नाही. क्लब सोड्याने पांढरा पुसट डाग पडतो. कॅल्शियमवालं मिनरल वॉटर तर बघण्यासारखं, तापायला लागलं की आधी गॅस जातो आणि नितळ पाणी हळूहळू गढूळ दुधट व्हायला लागतं, पांढरी पूड तरंगते, आणि शेवटी कडेला पांढरी कडक रिंग चिकटते. बायकार्बोनेट तुटून कॅल्शियम कार्बोनेट वेगळं झालं, गिझरमध्ये जे साचतं तेच हे. आणि साखरेचं टॉनिक आटताना चिकट होतं, बोटाला तार येईल असं, शेगडी चालूच ठेवली तर लालसर होऊन करपतं, त्यामुळे तिथेच उभे राहा. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की परत कधी चौघांत गोंधळ होत नाही.

कशासाठी कुठलं

नुसतं प्यायला, कुणालाही, रोज: सेल्टझर किंवा कमी सोडियमचं मिनरल. युरोपच्या लेबलवर कमी सोडियमच्या आहारासाठी योग्य असं लिहिलं असेल तर त्यात सोडियम लिटरला २० मिलीग्रॅमपेक्षा कमी असतं, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. सरबत किंवा ज्यूसमध्ये मिसळायला सेल्टझर किंवा क्लब सोडा, एकाच्या जागी दुसरं बिनधास्त चालतं, फळ खूप आंबट असेल तर क्लब सोडा जास्त जुळतो. भज्यांसारख्या तळणाच्या पिठात घालायला दोन्हीपैकी कुठलंही, पण बर्फासारखं थंड आणि अगदी शेवटी घालायचं, फेटत बसायचं नाही नाहीतर गॅस उडून जातो. चांगलं मिनरल वॉटर कशात मिसळू नका, वाया जातं. टॉनिकच्या जागी सोडा आणि सोड्याच्या जागी टॉनिक हे मात्र कधीच करू नका, कृती बिघडलीच म्हणून समजा.

दातांचं आणि हाडांचं लोक नेहमी विचारतात. साध्या गॅसच्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४ च्या आसपास असतो, खनिजवाल्याचा ५ ते ६, कोल्याचा २.५ च्या जवळ. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचा कडक थर, साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं, म्हणून आकडा ऐकून भीती वाटते, पण कार्बोनिक ॲसिड कमजोर आहे आणि लाळ ते पटकन निपटते, त्यामुळे साध्या स्पार्कलिंग पाण्याने दातांना होणारा त्रास कोल्ड्रिंकच्या मानाने फारच कमी. सायट्रिक ॲसिडवाले फ्लेवर मात्र तासन् तास घोट घोट पीत बसू नका, जेवणाबरोबर संपवा. हाडांची भीती कोल्यामुळे पसरली, गॅसच्या पाण्यावर त्याचं खापर फोडायचं कारण नाही. ॲसिडिटी किंवा पोट फुगण्याचा त्रास असेल तर मात्र गॅस कमी केलेलाच बरा, आणि किडनीचा आजार असेल तर खनिजांचा तक्ता डॉक्टरांना दाखवून मगच.

घरी बनवायचं असेल तर

सोडा मशीन असो नाहीतर सायफनची बाटली (दांडा दाबला की तोटीतून सोडा येतो ती), सगळा खेळ थंड पाण्याचा. पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, कोमट पाण्यात कितीही गॅस मारला तरी तो टिकत नाही आणि मग मशीनला नावं ठेवतो आपण. एक लिटरच्या सायफनला ८ ग्रॅमचं एक काडतूस, म्हणजे गॅस भरलेली छोटी धातूची नळी, लागतं. खुणेपर्यंतच पाणी भरा, काडतूस लावा, चांगलं हलवा आणि तास दोन तास फ्रीजमध्ये राहू द्या, लगेच प्यायला घेतलं तर बुडबुडे मोठे आणि ढोबळ येतात. काडतूस कार्बन डायऑक्साइडचंच हवं, क्रीम फेटायची काडतुसं दिसायला तशीच असतात पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो, त्याने पाणी गोडसर लागतं आणि चटका येतच नाही. मशीनमध्ये फक्त साधं पाणी. ज्यूस, साखर, मीठ काहीही आधी घालायचं नाही, फेस उसळून सगळं बाहेर येतं आणि नळी चोंदते.

घरचा क्लब सोडा करायचा तर चिमूटभर खायचा सोडा आणि त्याहून कमी मीठ दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवा आणि गॅस भरून झाल्यावर लिटरभर पाण्यात हळूच कडेने सोडा. कोरडी पूड कधीच टाकू नका, प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात आणि अर्धा गॅस क्षणात जातो. बर्फाचंही तसंच, फ्रीझरमधून काढलेला खरबरीत बर्फ आधी पाण्याखाली धुवून घ्या, गुळगुळीत झाला की गॅस कमी उडतो. मशीनच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर वापरायची शेवटची तारीख छापलेली असते, ती गेली की बाटली बाद, आणि गरम पाण्याने धुवायच्या नाहीत, प्लॅस्टिक कमजोर होतं आणि आत तर दाब असतो.

उघडलेली बाटली टिकवायची कशी

प्लॅस्टिकच्या बाटलीतून गॅस भिंतीतूनसुद्धा हळूहळू निसटतो, छोट्या बाटलीतून जास्त लवकर, म्हणून साठवून ठेवायचं असेल तर काच किंवा कॅन घ्या. अर्धी बाटली उरली की ती दाबून हवा काढून झाकण लावायची सवय खूप जणांना असते, तसं करू नका, दाबलेली बाटली परत फुगायला बघते आणि आतली ती रिकामी जागा भरायला पाण्यातलाच गॅस बाहेर येतो. झाकण घट्ट लावून लगेच फ्रीजमध्ये, एवढंच. त्याहून चांगलं म्हणजे एका वेळी संपेल एवढीच बाटली उघडा, आणि ओतताना ग्लास तिरका धरून कडेने ओता.